शेपटीसाठी ठेवलेली जागा

४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आईने सांगितलं म्हणून लिहितोय. तुझ्या लोकरी मोज्यांच्या पार्सलात थोडी जागा उरली, तेव्हा ती म्हणाली, "रिकामी जागा कशाला पाठवायची? दोन ओळी लिही की." म्हणून दोन ओळी. उत्तर दिलंच पाहिजेस असं काही नाही. वर्षभर तू आईला पाठवतेस त्या पत्रांच्या शेवटी "सगळ्यांना नमस्कार" असतो. त्या सगळ्यांत मी येतो असं धरून चाललोय. घरात आई आणि मी दोघंच, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा ठीक. दुकानाचं शटर कुरकुरायचं, त्याला तेल दिलं. बेतणी तर फारच छान चालली आहे. तू गेलीस तेव्हा तिच्या आवृत्तीचा आकडा ०.९१ होता, आता ०.९७ आहे. म्हणजे बघ.

तू हा प्रोग्राम लिहिलास तेव्हा बेतणी एकच काम करायची. मापं घातली, की पाठ, पुढा, बाही, कॉलर कापडावर कशी मांडली म्हणजे कमीत कमी कापड वाया जाईल, ते कागदावर छापून द्यायची. आता काय काय करते ते ऐक. प्रोग्राम सगळ्या जगापुढे उघडा ठेवायचा, कुणीही फुकट घ्यावा, आत डोकवावं, हवं ते मागावं, ही कल्पना तुझीच. तर लोक मागतात. दूरच्या कुठल्या तरी बंदरात एक शिडवाले काका आहेत, त्यांना होड्यांची शिडं बेतायची होती. केलं. एक बाहुलीवाला आहे, त्याच्या राक्षसाला सहा हात. केलं. एक कुत्रेवाल्या बाई आहेत, लांब पायांच्या थंडीने कुडकुडणाऱ्या कुत्र्यांना कोट शिवतात. फार गोड लिहितात. त्यांचंही केलं. हे सगळं न शिकता केलं हे लक्षात घे. नववीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आई आणि हेडमास्तर यांचं अजून एकमत नाही.

सुरू व्हायला बेतणी थोडा वेळ घेते, पण तेवढ्यात आई चहा ठेवते. कधीकधी पिऊनही होतो. पूर्वी तिला चहाला उसंत नसायची, त्या मानाने हे बरंच म्हणायचं. मग बेतणी काही प्रश्न विचारते. बाह्या किती, वगैरे. मग छापते.

दुकानात मोठं काम आलंय. नवा पूल तयार झालाय आणि त्याच्या उद्घाटनाला बँड वाजणार आहे. सगळ्या बँडला नवे लाल कोट, एकूण चौदा. मापं मी स्वतः घेतली. ढोलवाल्याभोवती फीत पुरेना, तेव्हा दोन फिती जोडल्या. तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." मी फक्त तुला सांगतोय.

(उद्घाटन हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिलाय. बरोबर आहे.)

निघताना धक्क्यावर आपलं जे बोलणं झालं, त्याबद्दल काहीही लिहायचं नाही असं मी ठरवलंय, आणि लिहिलेलं नाही.

टाचणी


२१ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात "बेतणी तर फारच छान चालली आहे" असं एक वाक्य होतं. ते खोडलेलं समज.

काल बँडमास्तर ट्रायलला आले. कोट कच्च्या टाक्यांवर होता. आरशासमोर उभे राहिले, छाती फुगवून पाहिली, खूश झाले. मग वळून मान वाकडी करून मागे पाहिलं, हात मागे नेला, आणि त्यांचं एक बोट कोटात गेलं. कोटाच्या खिशात नव्हे, कोटात.

"हे काय आहे?"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तशीच म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना."

"मी? मी कशाला पाठीला भोक पाडायला सांगेन?"

"पाठीला कुठे, बरंच खाली आहे."

"अहो बाई, कुठेही असो!"

आईने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "कागदावर छापून आलं, म्हणून मला वाटलं, ढोलाचा पट्टा अडकवायला असेल."

"ढोल पोटावर असतो!"

"ढोल पोटावर, पण पट्टा तर मागूनच जातो ना. म्हटलं, काही नवीन निघालं असेल."

"आणि बासरीवाल्याच्या कोटाला? त्याच्या गळ्यात कुठला ढोल?"

"म्हटलं, सगळ्यांना सारखं हवं असेल. बँड आहे."

मी दोऱ्याची रिळं घेऊन आत आलो तो नेमका त्याच वेळी. बँडमास्तर माझ्याकडे पाठ करून उभे होते. ताई, मी ते भोक ओळखलं. जत्रेत हरवलेलं आपलं मूल ओळखावं तसं लांबूनच ओळखलं. लांबट गोल, वरच्या बाजूला छोटीशी झडप, पाऊस आत जाऊ नये म्हणून. ती झडप जमायला मला आठवडा लागला होता. कुत्रेवाल्या बाईंनी तिचं फार कौतुक केलं होतं.

ती शेपटीची जागा होती.

आणि आईने चौदाही जणांचे कागद छापून घेऊन सगळं कापड एकदम कापलं होतं. म्हणजे बँडमास्तर एकटे नव्हते. चौदाही पाठींना शेपटीची सोय झाली होती.

मी आईला म्हणालो, "बेतणी प्रश्न विचारते, तो वाचला नाहीस? 'शेपूट आहे का?' असा स्पष्ट प्रश्न आहे."

"वाचत होते रे. आधी सगळे वाचत होते. शीड कुठल्या वाऱ्याचं, हात किती, मान लांब की आखूड, तंबूला खिडकी हवी का. शर्ट शिवायचाय बाबा मला, तंबूला खिडकी कुठे ठेवू?"

"मग?"

तिने नुसतं टेबलाकडे पाहिलं. कापड सरकू नये म्हणून आपण ठेवतो ते लोखंडी वजन कीबोर्डवर बसलं होतं. बरोबर एंटरच्या बटणावर. वजन ठेवून द्यायची आणि चहा करायला जायची. येईपर्यंत सगळ्या प्रश्नांना उत्तरं देऊन झालेली.

मी तिला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, "दिवाळखोर झाल्यासारखा चेहरा करू नकोस. चाललं होतं की इतके दिवस."

आणि खरंच चाललं होतं. कारण नुसतं एंटर दाबलं की बेतणी "नाही" धरायची. पण शिडवाले काका म्हणाले, दर वेळी तीच उत्तरं द्यायचा कंटाळा येतो, मागचं उत्तर लक्षात ठेवायची सोय करा. केली. मग मी शेपटीची झडप दुकानातल्याच कॉम्प्युटरवर तपासून पाहिली, "शेपूट आहे" असं सांगून. बेतणीने ते लक्षात ठेवलं. वजनाने एंटर दाबलं. दोन्ही सोयी आपापल्या जागी बिनचूक होत्या, ताई. मी परत परत तपासलं. एकीतही दोष नाही. एकमेकींना भेटल्या तेवढंच.

हे सगळं बँडमास्तरांना समजावून सांगावं लागलं. ते कोट घालूनच स्टुलावर बसले.

"म्हणजे माझ्या बँडला तुम्ही कुत्र्यांचे कोट शिवलेत."

"कुत्र्यांचे कसे असतील?" आई म्हणाली. "माणसांचेच आहेत. फक्त एक सोय जास्तीची आहे."

त्या लाल रंगाचं कापड आता कुठेच मिळत नाही. मी सगळीकडे विचारून आलो. पूल महिन्यावर आलाय. आई बँडमास्तरांना "बघू, होईल काहीतरी" म्हणाली, पण ते गेल्यावर रिकाम्याच मशीनचं पायडल मारत बसली होती.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. धक्क्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण आता न लिहिणं हास्यास्पद होईल. तू म्हणाली होतीस, "बेतणी झाली आहे. आता तिला हात लावू नकोस. तुला कुणाला नाही म्हणता येत नाही, ती फुगत जाईल." मी म्हणालो होतो, "सोडून जाणाऱ्यांनी शिकवू नये." मग बोट सुटली. दोन्ही वाक्यं मला पाठ आहेत. आज पहिलं जरा जास्त आठवतंय.

टाचणी


९ मार्च

ताई,

आधी चांगली बातमी. मग मोठी बातमी. मग एक प्रश्न. प्रश्नापर्यंत पोचण्याआधी पत्र ठेवून देऊ नकोस.

चांगली बातमी अशी, की कोट वाचले. आई इस्त्री करता करता थांबली आणि म्हणाली, "भोक बुजवायला गेलं की ते दिसतं. त्याच्यावरून काहीतरी जाऊ दे." उरलेल्या कापडाचे पट्टे कापले, कमरेच्या मागून आडवे लावले, दोन टोकांना दोन पितळी बटणं. भोक पट्ट्याखाली गेलं आणि कोट असा काही बसला, की बँडमास्तर आरशासमोरून हलेनात. जाताना मला हळूच म्हणाले, "पट्ट्याची कल्पना माझी होती असं सांगितलं तर चालेल ना?" आई आतून ओरडली, "सांगा! शेपटीचीही तुमचीच सांगा!"

आता मोठी बातमी. ती ढोलवाल्यामुळे घडली. माप घेतल्यापासून ट्रायलपर्यंत तो आणखी रुंद झाला. पुलाच्या आनंदात म्हणे. कोट बंद होईना. आईने काही विचारलं नाही, बाजूची शिवण उसवली, आत सोडलेली माया बाहेर काढली, परत शिवली. ढोलवाल्याने श्वास घेतला. झालं.

मी दोऱ्याचे तुकडे वेचत खाली बसलो होतो, तसाच बसून राहिलो. शिवणीच्या आत आई जास्तीचं कापड सोडते, त्याला आपण रोज माया म्हणतो आणि रोज पाहतो. पण आई कोट शिवताना असं म्हणत नाही, की हा उद्या जाड होईल तर आजच मोठा शिवू, याला मुलगा होईल तर त्याचीही बाही लावून ठेवू. ती कोट आजच्या माणसाचा शिवते आणि पुरा करते. फक्त उसवून वाढवता येईल एवढी जागा आत ठेवते. पुढचं ज्याचं तो पाहील.

आणि मी काय केलं? जगातल्या सगळ्यांच्या बाह्या एकाच कोटाला लावत बसलो.

त्या दिवसापासून मी बेतणीत एकही नवी गोष्ट घातलेली नाही. उलट काढतोय. मी एक नियम केला: जे काढलं तर साधा शर्ट बेतताच येणार नाही, ते आत. बाकी सगळं बाहेर. शिडं बाहेर, तंबू बाहेर, राक्षसाचे हात बाहेर, शेपूट बाहेर. पण फेकलं काहीच नाही. प्रत्येकाचा वेगळा तुकडा केला आणि बेतणीच्या कडेला माया सोडली, म्हणजे ज्याला हवं त्याने आपला तुकडा आपल्या हाताने जोडावा. आई शेजारी बसून मोजत होती. मी एक प्रश्न काढला की एक बटण डब्यात टाकायची. टण्. शेवटी म्हणाली, "डबा भरला, आता तरी शर्ट शिवू देशील का?"

काढणं सोपं होतं. सांगणं अवघड होतं. कुत्रेवाल्या बाईंना लिहायला बसलो. "आपली गैरसोय होईल याची मला पूर्ण जाणीव आहे" हे वाक्य मी पत्रात सहा ठिकाणी घातलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कुणी गेलं का त्यांच्याकडे?" मग पाच काढली.

उत्तरं आली. बाहुलीवाल्याने एकच ओळ लिहिली: आता राक्षसाला आठ हात लावतो, तुला विचारायला लाज वाटत होती. कुत्रेवाल्या बाईंनी शेपटीचा तुकडा आपल्याकडे घेतला, त्याला आपल्या म्हाताऱ्या कुत्रीचं नाव दिलं आणि झडपेला आणखी एक बटण लावलं. मला वाटत होतं त्या रडतील. त्या इतके महिने माझ्या उत्तरांची वाट पाहून कंटाळल्या होत्या, हे मला आत्ता कळलं! शिडवाले काका मात्र चिडले. "मग मी माझं घेतो आणि निघतो" म्हणाले. घेतलं आणि निघाले. परवा त्यांनी एक फोटो पाठवला. समुद्रावर एक नारिंगी शीड, आणि खाली लिहिलेलं, "निघालो."

बेतणी आता लगेच उघडते. आई तक्रार करते की चहाला वेळ मिळत नाही.

आता प्रश्न. आपण दुकानाच्या माळ्यावर बसून ठरवलं होतं, की बेतणीला "एक" हा आकडा दोघांनी हो म्हटल्यावरच द्यायचा. एक म्हणजे झाली. तोवर शून्य पूर्णांक काहीतरी. धक्क्यावर तू हो म्हणालीस तेव्हा मी म्हटलं नव्हतं. आता मी म्हणतोय. पण तुझं तेव्हाचं हो तेव्हाच्या बेतणीला होतं, ही वेगळी आहे, त्यामुळे ते धरता येणार नाही. नियमाप्रमाणे परत विचारायला हवं. तुमच्या हवामान केंद्राचं नेट फक्त वारा आणि पाऊस कळवायला आहे हे माहीत आहे, म्हणून बेतणी पेनड्राइव्हवर पाठवतोय. बटणांच्या डबीत आहे, कापसाखाली. आधी कापूस काढ. डबी उलटी करू नकोस.

तर, ताई: झाली का?

टाचणी


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आलं. पाकिटावर माझं नाव होतं. पोस्टमन म्हणाला, "चुकून तुझं आलंय का रे?" मी ते खिशात ठेवलं आणि उघडलं नाही. आई म्हणाली, "उघड की." मी म्हणालो, "आधी पूल." नकार असता तर बँड ऐकू आला नसता.

बँड मात्र काय वाजला! पुलाच्या मधोमध वारा होता आणि ओळ वळली की चौदा पाठी, चौदा पट्टे, अठ्ठावीस पितळी बटणं एकदम चमकायची. बँडमास्तर मुद्दाम पुन्हा पुन्हा वळवत होते. लोकांना वाटलं तशीच रीत आहे. ढोलवाला खुलून वाजवत होता, शिवण एवढीशीही ओढली नाही. पुढे पुढे तर त्याने एका हाताने पट्टा वर करून आतली झडप बायकोला दाखवली. "हवा खेळती राहते" म्हणाला. शेजारच्या शहरातल्या बँडचा माणूस आला होता, त्याने आमच्यादेखत विचारलं, असा पट्टा कुठे शिवून मिळेल? बँडमास्तर म्हणाले, "कल्पना माझी आहे." आई म्हणाली, "हो, आणि शेपूट माझ्या मुलाची." त्या माणसाने माझ्याकडे मागून पाहिलं.

परत येताना पुलाच्या कठड्याला टेकून पत्र उघडलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उडायला निघाल्यासारखं.

तू लिहिलंयस: मोजे मिळाले. बेतणी चहाची वाफ जायच्या आत उघडली. प्रश्न चारच विचारले, चारही शर्टाचेच. मग लिहिलंयस: "एकच गोष्ट हवी आहे. कॉलरला जोडलेली टोपी. इथला वारा कान घेऊन जातो. तेवढी बेतणीत घाल, मग माझं हो समज."

मी घरी पळत आलो. खरं सांगतो, कॉम्प्युटर सुरू करून टोपीची मापं मांडायला लागलोसुद्धा. डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतची लांबी. आनंदाने हात चालत होते. तू मागितलं होतंस! वर्षभराने बोललीस आणि काहीतरी मागितलंस, आणि ते मला करता येत होतं. अर्धी टोपी झाली. मग बेतणीने विचारायचा प्रश्न टाइप केला: "टोपी हवी का?" आणि तो पाचवा प्रश्न पडद्यावर दिसला.

ते लोखंडी वजन टेबलावरच होतं. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं.

मी सगळं पुसलं.

ताई, नाही. टोपी बेतणीत येणार नाही. बाकीच्यांचं होतं ते मी त्यांच्या हातात दिलं, त्याला नाही म्हणणं म्हणत नाहीत. नवं काही घेणार नाही असं जाहीर केल्यावर पहिली मागणी तुझी आली, आणि आयुष्यातलं माझं पहिलं नाही तुझ्याच वाट्याला आलं. तुझ्यासाठी घातली, तर उद्या कुत्रेवाल्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगू?

आईला सांगितलं तर ती उसळली. "कानाचं दुखणं लहानपणापासून आहे तिला! टोपी तर हवीच!"

"बेतणीत नको, आई."

"मग कशात हवी?"

"तुझ्या हातात कात्री आहे ना."

तिने कात्री उचलली. मग लाल कापडाचा शेवटचा तुकडा काढला. माप कुठलं घेणार, तू तिकडे. माझ्याच डोक्यावर कापड टाकलं, "तिचं डोकं तुझ्याहून मोठं, आतही आणि बाहेरही" म्हणाली, आणि बोटभर वाढवून कापलं. मला मान हलवायची बंदी होती. आतून आपल्या जुन्या पांघरुणाचं अस्तर आहे, हात लावशील तेव्हा ओळखशील. या पार्सलात तीच आहे. बटणं कोटांवरची उरलेली.

आणि प्रोग्रामातच हवी असेल तर कॉलरच्या शिवणीत माया सोडली आहे. टोपीचा तुकडा तू स्वतः लिही. तुला यायला काय झालं, बेतणी लिहिलीस तू. कुठून सुरुवात करायची ते वेगळ्या कागदावर दिलंय.

तुझं हो आलं नाही, तर आकडा काढाकाढीनंतर आला तिथेच, ०.९९ वर राहील. राहू दे. वाईट वाटेल, पण मी तिला हात लावणार नाही. ती झाली आहे.

हे पत्र पोस्टात टाकायला आईकडे देतोय, नाहीतर मी रस्त्यात ते बदलीन.

टाचणी


३० एप्रिल

ताई,

तुझं पत्र आणि पेनड्राइव्ह, दोन्ही मिळालं. डबी उलटीच केली होतीस, बटणं आणि कापूस एकत्र झालं होतं. हरकत नाही.

आईने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. "परीक्षा वगैरे घेत नव्हते रे. कान खरंच गार पडतात," इथे ती हसली. "तुझं नाही वाचून असा राग आला, की रागाच्या भरात टोपीचा तुकडा मीच लिहून टाकला," इथे आणखी हसली. "आणि लिहिताना सापडलं, की तू कॉलरला डावीकडे माया सोडलीस आणि उजवीकडे विसरलास. दुरुस्त करून पाठवलंय," इथे मी वाचायचा थांबलो.

कारण ते खरं आहे. मी इतक्या वेळा तपासलं होतं! तुझी दुरुस्ती चार ओळींची आहे. मी ती लगेच घेतली. चूक सुधारणं म्हणजे नवीन काही घालणं नव्हे, असा नियम मी त्याच क्षणी केला. आई म्हणाली, "आता नियमसुद्धा वाढवत बसणार का?"

मग तू लिहिलंयस, आईची लाल टोपी घालून तू मनोऱ्यावर वारा मोजायला गेलीस आणि तिथली सगळी माणसं विचारायला लागली. त्यांना आईचा पत्ता दिलास म्हणे. आई घाबरली आहे, पण आरशासमोर उभी राहून घाबरते आहे.

आणि मग ती ओळ. ती मी आईला वाचून दाखवली नाही, तिने माझ्या खांद्यावरून वाचली. "हो. झाली. दे तिला एक. सगळ्यांना नमस्कार. त्यात तू नाहीस, तुला वेगळा."

आम्ही दोघांनी मिळून दिला. मी आकडा लिहिला, आणि आईने ते लोखंडी वजन आणून एंटरवर अलगद टेकवलं आणि लगेच उचललं. एक. नुसता एक, पुढे टिंब नाही, काही नाही. पडद्यावर तो इतका छोटा दिसत होता की आई म्हणाली, "एवढ्यासाठी भांडलात?" मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, कापडाची धूळ आहे.

दुपारपर्यंत बाहुलीवाल्याने आठ हातांनी टाळ्या वाजवणाऱ्या राक्षसाचं चित्र पाठवलं. कुत्रेवाल्या बाईंनी सगळ्या कुत्र्यांना ओळीने बसवून फोटो काढला. शिडवाल्या काकांनीही निरोप पाठवला, "अभिनंदन. माझं अजून चालू आहे." त्यांचं चालू राहू दे.

जूनमध्ये रजा मिळेल असं लिहिलंयस. बोट कधी लागते ते कळव. बँडमास्तर म्हणतात, बँड धक्क्यावर आणतो. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तूच काय ते सांग. ढोलवाला मात्र येणारच आहे, त्याला टोपी बघायची आहे.

संध्याकाळी एक नवी मागणी आली. अनोळखी माणूस. "बेतणी फार आवडली. अगदी हवी तेवढीच आहे. फक्त एक सुचवू का? मांजरांसाठी अंगरखा." आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मांजर घालून घेईल का?" ते मलाही माहीत नाही. मी उत्तर लिहायला बसलो. पहिला शब्द "नाही" असा लिहिला, त्याच्यासाठी शब्दकोश उघडावा लागला नाही. खाली दोन ओळींत माया कुठे सोडली आहे ते सांगितलं, आणि अंगरखा झाला की फोटो पाठवा म्हणून लिहिलं.

मग कॉम्प्युटर बंद केला. आईने शेजारच्या शहराच्या बँडचे कोट पुढ्यात टाकले, आणि आम्ही दोघं काजं करायला बसलो.

तुझा,
टाचणी